हॉस्पिसमध्ये स्वयंसेवा: खाटेशेजारी नेमकं काय करायचं, काय नाही

पाणवठा (धागाकर्ता)

हॉस्पिसमध्ये मदतीला जायचंय, काय करावं लागतं, अशी विचारणा इथे वरचेवर होते आणि उत्तरं चार धाग्यांत विखुरलेली आहेत. म्हणून एका जागी लिहितो. हॉस्पिस म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात दुखणं आणि त्रास कमी करून काळजी घेणारी जागा. भर मुंबई-पुण्यावर आहे, बाकीच्यांनी आपापल्या भागाची भर घालावी.

भारतातलं पहिलं हॉस्पिस मुंबईतलंच. वांद्र्याला माउंट मेरी चर्चजवळचं शांती आवेदना सदन, १९८६ पासूनचं. गोव्यात लोटलीला आणि दिल्लीत त्यांच्याच शाखा आहेत. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र १९९७ पासून चालू आहे. दोन्हीकडे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत, आणि रुग्ण बहुतेक पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरचे असतात. वारज्याला रुग्णासोबत घरचं माणूस राहतं, काळजी कशी घ्यायची ते शिकतं, आणि पुष्कळ रुग्ण दुखणं आटोक्यात आलं की घरी परततात. म्हणजे ‘तिथे गेला की संपलं’ हा समज घेऊन जाऊ नका.

अर्ज, ओळखपत्र, मुलाखत हे सगळीकडे. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर साधारण वर्षभर थांबा असं सांगतात. त्यात तुमच्यावर अविश्वास नसतो, दुसऱ्याच्या खाटेशी आपलंच दुःख उगाळलं जातं म्हणून. हिपॅटायटिस बीची लस आधी पूर्ण करा: पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. सर्दी, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ असेल त्या आठवड्याला फोन करून सुट्टी घ्या. पावसाळ्यात हे जास्त पाळायचं.

वेळ किती द्यावा? आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दोन ते तीन तास. उत्साहात रोज येणारा माणूस तिसऱ्या महिन्यात गायब होतो, आणि खाटेवरचा माणूस गुरुवारची वाट बघत बसतो. पंधरा दिवसांतून एकच दिवस जमणार असेल तर तसं सांगा, पण तो दिवस चुकवू नका.

अत्तर, सेंट, गजरा नको; केमो झालेल्यांना आणि मळमळ असलेल्यांना वासाने उमासे येतात. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढायचं, नखं कापलेली, चप्पल आवाज न करणारी. मोबाइल सायलेंटवर. फोटो नाही. ‘आज सेवेची संधी मिळाली’ छाप स्टेटस तर अजिबात नाही, अगदी चेहरा न दाखवतासुद्धा.

सुरुवातीचे काही आठवडे बऱ्याच ठिकाणी खाटेजवळ पाठवतही नाहीत. गॉजचे तुकडे कापा, चादरी मोजा, स्टोअरची वही लिहा. नाराज होऊ नका. तेवढ्यात वॉर्डातली माणसं तुम्हाला पाहतात, तुम्ही मावशींशी आणि मामांशी कसं बोलता ते पाहतात. त्यावरून पुढचं ठरतं.

---

रात्रपाळी

छान धागा. नर्सिंगच्या बाजूने भर घालते.

सरळ नियम: शरीराच्या आत जाणारं काहीही स्वयंसेवकाने हाताळायचं नाही. औषध, इंजेक्शन, नाकातली रायल्स ट्यूब (पोटात अन्न सोडण्याची नळी), जखमेचं ड्रेसिंग, सक्शन (घशातला स्राव नळीने ओढणं), ऑक्सिजनचा आकडा, हे सगळं सिस्टरचं. कूस बदलायला हात लावणं, तोंड पुसणं, केस विंचरणं, पाणी पाजणं, चादर सरळ करणं हे तुम्ही करू शकता, पण त्या रुग्णापुरतं त्या दिवशी विचारून. कालपर्यंत पेज गिळणाऱ्याला आज ठसका लागत असतो.

कूस बदलणं. दर दोन तासांनी बदलतो, एअर बेडवर (पंपाने हवा भरणाऱ्या गादीवर) असला तरी. एकट्याने कधीच नाही. सिस्टर आणि तुम्ही, दोघं. तोंडाने घ्यायची दुखण्याची गोळी आधी अर्धा-पाऊण तास दिलेली असली की हलवणं सुसह्य होतं, म्हणून विचारून घ्या ‘गोळी झाली का?’ खाटेचा ब्रेक लावा, खाट कमरेइतकी वर घ्या. खांद्यापासून मांडीपर्यंत पुरेल अशी दुहेरी घडीची आडवी चादर रुग्णाखाली असते. तिच्या कडा गुंडाळत अंगालगत आणायच्या आणि रुग्णाला सांगून, आकडे मोजून, चादरीसकट उचलून सरकवायचं. फरफटवायचं नाही, चादर घासली की माकडहाडावरची कातडी सोलते.

हात किंवा पाय धरून ओढायचं तर मुळीच नाही. कॅन्सर हाडात पसरलेला असेल तर तेवढ्या ओढीने हाड मोडतं. नव्या माणसाकडून होणारी ही सगळ्यांत महागडी चूक.

पूर्ण कुशीवर, नव्वद अंशांत झोपवू नका, सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. तीस अंश पुरे: पाठीमागे एक उशी, गुडघ्यांमध्ये एक, आणि पोटऱ्यांखाली एक अशी की टाच हवेत तरंगेल. पाण्याने भरलेले हातमोजे टाचेखाली आणि मधे भोक असलेली रबरी कडी बैठकीखाली, हे दोन्ही जुने उपाय सोडा. कडीच्या काठावर दाब येऊन आतला रक्तपुरवठाच कमी होतो.

झाल्यावर तीन गोष्टी बघा: खालचा कान दुमडला नाही ना, लघवीची नळी पायाखाली अडकली नाही ना, चादरीला सुरकुती नाही ना. लघवीची पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खाली टांगलेली हवी, जमिनीला टेकलेली नको. रुग्ण हलवताना ती त्याच्या पोटावर ठेवायची सवय काहींना असते. तसं केलं की लघवी उलटी आत जाते.

लाल डाग दिसला तर बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. पांढुरका झाला नाही तर लगेच सिस्टरला सांगा. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघायचं: आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा लिबलिबीत लागतंय का. त्या जागी चोळायचं नाही. तेल लावून रगडणं हा प्रेमाचा भाग असतो, मान्य, पण खालच्या बारीक रक्तवाहिन्या त्याने फुटतात.

तोंडाची निगा. हे काम सगळ्यांत दुर्लक्षित आहे आणि सगळ्यांत जास्त आराम देणारं आहे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा खायचा सोडा आणि एक छोटा चमचा मीठ. रोज नवं करायचं, उरलेलं टाकायचं. शुद्धीवर असेल तर चूळ, नसेल तर बोटाला गॉज गुंडाळून, ओला करून घट्ट पिळून, गालांची आतली बाजू, हिरड्या, जीभ. दात आवळणाऱ्याच्या तोंडात बोट घालायचं नाही, मऊ ब्रश वापरायचा. तोंडाने श्वास घेणाऱ्याला दर दोन तासांनी. लिंबू-ग्लिसरीन नको, त्याने तोंड आणखी कोरडं पडतं. पांढरे चट्टे दिसले तर ती बुरशी असू शकते, खरवडू नका, सांगा.

पाजणं-भरवणं. बसतं करून, हनुवटी किंचित छातीकडे, छोट्या चमच्याने, मागचा घास गिळल्याची खात्री झाल्यावर पुढचा. नंतर अर्धा तास बसतंच ठेवायचं. आवाज ओला, घोगरा झाला किंवा ठसका लागला की थांबा. दोन चमचे पेज घेतली तर दोनच. ‘माझ्यासाठी एक घास’ हा आग्रह पंगतीत शोभतो, इथे नाही. शेवटच्या दिवसांत शरीर अन्न पचवू शकत नाही. माणूस खात नाही म्हणून मरत नसतो, मरणाकडे निघालेला म्हणून खात नसतो. नातेवाइकांना हे सांगणं मात्र आमचं काम, तुमचं नाही.

---

सदाफुली

नर्सताई, एक प्रश्न. शेवटी तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घालतात. शुद्धीत नसलेल्याच्या घशात चमचाभर पाणी ओतणं धोक्याचं नाही का? अशा प्रथा हॉस्पिसने बंदच करायला हव्यात असं माझं स्पष्ट मत.

---

रात्रपाळी

धोका खरा आहे. बंद करायला मात्र माझा विरोध. कापसाचा बोळा किंवा इअरबड गंगाजलात भिजवून ओठांवर आणि जिभेच्या टोकावर फिरवायचा, रुग्ण कुशीवर असताना. तुळशीचं पान ओठांवर ठेवायचं, घशात नाही. मुलाला केल्याचं समाधान मिळतं आणि रुग्णाला ठसका लागत नाही. ख्रिस्ती घरात तेलाचा संस्कार, मुसलमान घरात कानाशी कलमा, त्याला जागा द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. स्वयंसेवकाने स्वतःहून कुठलीही पोथी, अंगारा, जप सुचवायचा नाही. काढे आणि ‘अमक्या गावचं औषध’ही नाही.

जाता जाता: शेवटच्या तासांत घशात घरघर सुरू होते. ऐकणाऱ्याला ती भयंकर वाटते, पण तेव्हा रुग्ण सहसा त्या जाणिवेच्या पलीकडे असतो. कुशीवर वळवलं की बऱ्याचदा कमी होते. नळीने ओढून काढण्याचा उपयोग कमी आणि त्रास जास्त, म्हणून सिस्टर सक्शन करत नसेल तर ‘काही करत का नाही’ असं नातेवाइकांसमोर म्हणू नका. श्वास मधेच थांबून पुन्हा चालू होणं, गुडघ्यांवर निळसर जाळी उमटणं, हातपाय गार पडणं हेही अपेक्षित असतं. गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी नको, भाजतं.

---

कोरा_कागद

वाचनखूण साठवली. मला भीती वाटते ती बोलण्याची. बायको दारातच गाठून म्हणते, ‘त्यांना कॅन्सर आहे हे सांगू नका हं.’ आणि आत गेल्यावर ते विचारतात, ‘मी बरा होणार ना?’ अशा वेळी काय बोलायचं?

---

मधली_खोली

समुपदेशनाच्या बाजूने लिहिते. हे जवळजवळ प्रत्येक वॉर्डात होतं. नियम दोन: खोटं बोलायचं नाही आणि गुपित फोडायचंही नाही.

‘होणार हो, काळजी करू नका’ हे तोंडातून सटकतं. तेच टाळायचं. तो दिलासा आपल्याला मिळतो, त्यांना नाही. प्रश्न परत त्यांच्याकडे न्या: ‘तुम्हाला काय वाटतंय?’ मग गप्प बसा. किमान दहा सेकंद. दहा सेकंद फार लांब असतात, घड्याळ लावून बघा. बहुतेकांना माहीत असतं. बायकोला कळू नये म्हणून तेही गप्प असतात. ‘डॉक्टरांशी याबद्दल बोलायला आवडेल का? मी सिस्टरना सांगते’ इतकं म्हणायचं आणि खरंच सांगायचं, त्याच दिवशी. सांगायचं विसरलात तर त्यांनी धाडसाने उघडलेलं दार पुन्हा लागतं.

बायकोला दारात: ‘मी स्वतःहून काही काढणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं मला सांगता यायचं नाही, मी सिस्टरना बोलावेन.’ शांतपणे, नजर न चुकवता.

खुर्ची ओढून बसा, उभ्याने बोलू नका. खाटेवर बसू नका, गादी हलली तरी दुखतं. ‘कसं वाटतंय आज?’ याला ‘बरं’ याखेरीज उत्तर नसतं. त्यापेक्षा ‘रात्री झोप कशी लागली?’, ‘उशी बरोबर आहे?’ असं टोक असलेलं विचारा. आजोबा-आजी म्हणायचं की काका-काकू, की आडनावाने ‘साहेब’, हे पहिल्या दिवशी त्यांनाच विचारा. शाळामास्तरला ‘सर’ म्हटल्यावर तो ताठ बसतो, आजारी असला तरी.

आणखी दोन गोष्टी. स्वतःचा नंबर देऊ नका आणि पैसे देऊ नका, रिक्षाभाड्यालासुद्धा. एकाला दिले की बाजूच्या खाटेवरचं कुटुंब ते बघतं. गरज दिसली तर समाजसेवकाला सांगा. दुसरं, कुणाच्याही मृत्युपत्रावर, इच्छापत्रावर, बँकेच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करू नका.

---

सदाफुली

इच्छापत्रावरून आठवलं. ‘मला व्हेंटिलेटर नको’ असं लिहून ठेवता येतं ना?

---

पाणवठा

येतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात मान्य केलं, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्यामुळे कुणी करत नसे. २४ जानेवारी २०२३ ला अट सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. एक प्रत घरच्यांकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे. स्वयंसेवकाने मात्र हा विषय काढायचा नाही. रुग्णाने काढला तर डॉक्टरांपर्यंत पोचवायचा.

---

देवगडकर

वॉर्डबद्दल बरंच झालं. कोकणात हॉस्पिस गाठायला दिवस मोडतो, तिथे घरच्या भेटींवरच भिस्त. घरी जाणाऱ्यांसाठी लिहितो.

टीममध्ये नर्स मुख्य. स्वयंसेवक रस्ता, वाडीतली ओळख आणि सामान सांभाळतो. कॉट, एअर बेड, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर हे उसने देणाऱ्या संस्था बऱ्याच गावांत आहेत. अनामत घेतात आणि परत दिल्यावर देतात. परत आलेलं सामान धुऊन, निर्जंतुक करून, उन्हात सुकवून मगच पुढे.

एअर बेड लावताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. नेहमीच्या गादीवर अंथरायचा, फुगणारे फुगे वर. पंप पायाकडे टांगायचा, डोक्याशी घुरघुर नको. वजनाप्रमाणे बटण फिरवायचं. माणूस झोपल्यावर माकडहाडाखाली बेडच्या खाली हात घालून बघा: दोन-तीन सेंटिमीटर हवा हाताला जाणवली पाहिजे, हाड हाताला लागलं तर हवा कमी. वर एकच सुती चादर. वाकळ, गोधडी, रबरी कापड अशी चळत रचली की बेडचा उपयोग शून्य. आणि लाइट गेली की बेड बसतो, हे घरच्यांना सांगून ठेवा. तेव्हा उशा आणि कूस बदलणं.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र): पाच लिटरचं मशीन साडेतीनशे वॅटच्या आसपास वीज घेतं, तेव्हा घरच्या इन्व्हर्टरवर किती वेळ चालेल ते आधी तपासा. भिंतीपासून फूटभर लांब. मागची जाळी आठवड्याला धुवायची. त्या खोलीत देवाचा दिवा, उदबत्ती, धूप, विडी नाही. ओठांना व्हॅसलीनही नाही, पाण्याच्या आधाराचं जेल. आणि प्रत्येक धापेला ऑक्सिजन लागतोच असं नाही. छोटा हातातला पंखा सहा इंचांवरून नाक आणि गालावर धरला तर धाप लागल्याची भावना कमी होते. खिडकी उघडी, भोवती गर्दी नको.

मॉर्फिनबद्दल, म्हणजे तीव्र दुखण्यावरच्या औषधाबद्दल. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. स्वयंसेवकाने ते नेऊ-आणू नये, एकटी गोळीसुद्धा. पण घरात काय बिघडतं ते टिपून नर्सला सांगायचं. नेहमीची गोष्ट म्हणजे ‘सवय लागेल’ म्हणून गोळी मागे ठेवणं, दुखायला लागल्यावरच देणं. साधी गोळी दर चार तासांनी घड्याळाप्रमाणे असते. दुखणं चढल्यावर दिली तर ती मागे धावत राहते. दुसरं, सुरुवातीचे दोन-तीन दिवस झोप येते, मग उतरते. त्याच झोपेला घाबरून बंद करतात. तिसरं, बद्धकोष्ठ. मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचं औषध दिलेलं असतं, ते ‘जुलाब होतील’ म्हणून बाजूला, आणि वर इसबगोल. पाणी कमी पिणाऱ्याला इसबगोल आतड्यात लगद्यासारखं बसतं. शौचाला कधी झाली, हा प्रश्न लाजू नका, विचारा.

कागद. घरी मृत्यू झाला तर इलाज करणारा डॉक्टर नमुना ४-अ मध्ये मृत्यूचं कारण लिहून देतो, नोंदणी २१ दिवसांत. तो डॉक्टर कोण, रात्री फोन उचलेल का, हे नर्सने आधीच ठरवलेलं असतं. तुम्ही फक्त फाइल एका पिशवीत आहे ना ते बघा, उपचाराचे कागद आणि आधार एकत्र. छातीत पेसमेकर असेल तर दहनापूर्वी काढावा लागतो, नाहीतर फुटतो. ऐनवेळी कुणाला आठवत नाही.

---

कोरा_कागद

कॅन्सरच्या रुग्णाला नेत्रदान करता येतं का?

---

रात्रपाळी

बहुतेकांना येतं. रक्ताचा कॅन्सर, लिम्फोमा, डोळ्यातली गाठ असेल तर नाही. सहा तासांच्या आत व्हावं लागतं, म्हणून नेत्रपेढीला लगेच फोन. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी, पंखा बंद.

---

थेम्सकाठ

इंग्लंडमधून थोडं. आधुनिक हॉस्पिसची चळवळ लंडनच्या सेंट ख्रिस्तोफर्समधून, १९६७ पासून. इथल्या हॉस्पिसचा बराचसा खर्च देणग्यांवर आणि त्यांच्याच जुन्या वस्तूंच्या दुकानांवर चालतो, त्यामुळे खूपसे स्वयंसेवक खाटेजवळ नसून दुकानात, बागेत, गाडी चालवायला असतात. रुग्णांशी थेट संबंध येणाऱ्या कामांना सरकारी गुन्हेतपासणीचा दाखला लागतो, त्यात काही आठवडे जातात. मराठी येणं ही इथे खरी गरज आहे: स्मृती गेलेल्या आजी इंग्रजी विसरतात आणि नर्सला वाटतं त्या बरळताहेत. आपलं नाव भाषेसकट नोंदवा. डॉक्टरांचं बोलणं भाषांतरित करायचं मात्र नाही, त्याला दुभाषी असतो.

---

मधली_खोली

मृत्यूनंतरचं राहिलंच. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, तेव्हा जाऊ नका. खरी पोकळी महिन्या-दीड महिन्याने. संस्था तेव्हा फोन करते. तुम्हाला सांगितलं तरच करा. ‘सुटले बिचारे’ आणि ‘देवाची मर्जी’ हे दोन्ही टाळा, त्यांचं नाव घेऊन बोला. वर्षश्राद्धाच्या आसपास पुन्हा एकदा. दारू वाढली, जेवण सुटलं, ‘मलाही जायचंय’ असं कुणी म्हणालं, तर त्याच दिवशी समुपदेशकाला.

---

पाणवठा

@रात्रपाळी, पलंगावर केस कसे धुवायचे ते लिहा ना. प्रत्येक नवा स्वयंसेवक विचारतो.

---

रात्रपाळी

दोन बादल्या, एक तांब्या, प्लॅस्टिकचा मोठा कागद, तीन टॉवेल, कापसाचे दोन बोळे. आधी सिस्टरला विचारा: मानेच्या हाडात गाठ असेल तर नाही, डोक्याला जखम असेल तर नाही.

रुग्णाला खाटेच्या कडेला तिरकं सरकवून खांद्यांखाली उशी. एक टॉवेल लांब गुंडाळी करून घोड्याच्या नालेसारखा वळवा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद घाला, मान त्या नालेच्या बंद बाजूवर. कागदाचं मोकळं टोक पन्हाळीसारखं खाली बादलीत. कानांत बोळे, डोळ्यांवर घडी केलेला रुमाल. पाणी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला तपासा. कोमट, गरम नाही. तांब्याभर पाणी हळूहळू, कपाळापासून मागे. शाम्पू छोटा चमचाभर पुरे, जास्त घेतला तर धुवून निघता निघत नाही. नखांनी नव्हे, बोटांच्या पेरांनी. दहा मिनिटांत उरका, त्याहून जास्त वेळ थकवा येतो.

कानातले बोळे काढायला विसरू नका, हटकून राहतात. केस टॉवेलने टिपायचे, चोळायचे नाहीत. ड्रायर असला तर गार हवेवर. तेल लावून हवं म्हणाल्या तर बोटभर लावा. ऑक्सिजन चालू असेल तर नाही.